नाझी छावणीत रद्दी कागदांवर मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस कोण होत्या?

१९४५ सालचा उन्हाळा सरत आला होता. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपून काही महिनेच झाले होते. अशा वेळी विली ग्रोग नावाचा एक माणूस प्राग शहरातल्या ज्यू समाजाच्या कार्यालयात पोहोचला. तो तेरेझिनच्या छावणीतून जिवंत बाहेर आला होता. त्याच्याकडे दोन सुटकेस होत्या आणि त्यात कपडे किंवा दागिने नव्हते. त्या लहान मुलांच्या चित्रांनी गच्च भरलेल्या होत्या.

चित्रं थोडीथोडकी नव्हती, जवळपास साडेचार हजार होती. त्यात घरं होती, कुरणं होती, फुलदाण्या आणि फुलपाखरं होती. काही चित्रांत तीन मजली पलंग आणि जेवणाची रांगही होती.

कागद मात्र चित्रकलेच्या वहीतले नव्हते. कुठे कार्यालयातले छापील फॉर्म, कुठे सामान बांधायचा कागद, कुठे एका बाजूने वापरून झालेला कागद, तर कुठे पुठ्ठ्याचा तुकडा. थोडक्यात, सगळी रद्दी.

ही चित्रं काढणारी बहुतेक मुलं तोपर्यंत मारली गेली होती आणि त्यांना चित्रं काढायला शिकवणाऱ्या बाईही. त्यांचं नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस.

शाळेत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी 'टाकाऊतून टिकाऊ' केलेलं असतं. आगपेटीचं घर, बाटलीची फुलदाणी, जुन्या लग्नपत्रिकांचे कंदील. पण टाकाऊ वस्तूंमधून मुलांना नेमकं काय मिळू शकतं, हे समजून घ्यायचं असेल तर फ्रीडल यांचं आयुष्य माहीत असायला हवं.

कागदाच्या दुकानातलं बालपण

फ्रीडल यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नामध्ये एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्या असतानाच आई गेली. वडील सिमोन हे स्टेशनरीच्या दुकानात नोकर होते. घरात पैशांची चणचण असली तरी कागद, पेन्सिली आणि रंग या गोष्टी या मुलीच्या ओळखीच्या होत्या. पुढे आयुष्यभर कागदाची साथ सुटली नाही.

किशोरवयात त्यांनी व्हिएन्नामध्ये फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकायला सुरुवात केली. त्यानंतर तिथल्याच कलाशाळेत कापडकाम शिकल्या. या शाळेत फ्रान्झ चिझेक नावाचे शिक्षक होते. मुलांच्या चित्रांकडे मोठ्यांच्या चित्रांची कच्ची नक्कल म्हणून पाहू नये, ती स्वतंत्र कला आहे, असं म्हणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. त्या काळात चित्रकलेचा तास म्हणजे फळ्यावरचं बघून हुबेहूब उतरवणं. चिझेक मात्र मुलांना मोकळं सोडायचे.

त्यानंतर फ्रीडल स्विस चित्रकार योहानेस इटेन यांच्या खासगी वर्गात दाखल झाल्या. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार शहरात वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी 'बाउहाउस' ही कलाशाळा सुरू केली आणि इटेन यांना तिथे शिकवायला बोलावलं. इटेन यांच्या मागोमाग त्यांचे व्हिएन्नातले काही विद्यार्थीही वायमारला गेले. त्यात फ्रीडल होत्या.

बाउहाउसमध्ये भंगार का गोळा करायला लावायचे?

बाउहाउस हे नाव आज आपल्याला फर्निचर, इमारती आणि अक्षरांच्या डिझाइनमुळे माहीत असतं. पण तिथला पहिला धडा वेगळाच होता.

इटेन यांच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना लाकडाचे तुकडे, तार, काच, कापडाच्या चिंध्या, पिसं, पत्रा असं काहीही जमवून आणायला सांगितलं जायचं. मग त्या वस्तू हाताळायच्या. खरखरीत काय, गुळगुळीत काय, जड काय, हलकं काय, हे बोटांनी ओळखायचं आणि त्यातूनच एखादी रचना उभी करायची. महागडे रंग हातात येण्याआधी वस्तूचा स्वभाव कळला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

वर्ग सुरू व्हायचा तोही चित्राने नाही. आधी श्वासाचे आणि शरीराचे व्यायाम, मग हाताला लय मिळावी म्हणून रेषांचा सराव. शरीर आखडलेलं असेल तर रेषाही आखडते, असं इटेन मानायचे.

फ्रीडल यांनी हे सगळं आत्मसात केलं. त्या विणकाम शिकल्या, पुस्तकबांधणी आणि शिळाछाप शिकल्या, नाटकाच्या नेपथ्यात रमल्या. लहान मुलांच्या चित्रांना फार मान देणारे पॉल क्ली हेही तिथे शिकवत होते. फ्रीडल इतक्या हुशार होत्या, की विद्यार्थिनी असतानाच त्यांच्याकडे नव्या मुलांना शिकवण्याचं काम आलं. १९३१ मध्ये ग्रोपियस यांनी दिलेल्या शिफारसपत्रात त्यांच्या कलागुणांची आणि शिकवण्याच्या हातोटीची मनापासून तारीफ केलेली आहे.

बाउहाउसमध्ये शिकलेल्या या दोन गोष्टी लक्षात ठेवा: वस्तू फुकटची आहे की विकतची याला महत्त्व नाही आणि चित्राआधी मन-शरीर सैल व्हायला हवं. वीस वर्षांनंतर, जगातल्या सगळ्यात वाईट जागांपैकी एका जागी फ्रीडल यांना याच दोन गोष्टी उपयोगी पडणार होत्या.

दुमडणारं फर्निचर, मुलांची शाळा आणि अटक

१९२३ मध्ये बाउहाउस सोडल्यावर फ्रीडल यांनी सहकारी फ्रान्झ सिंगर यांच्यासोबत आधी बर्लिनमध्ये आणि नंतर व्हिएन्नामध्ये स्टुडिओ चालवला. एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, दुमडून बाजूला ठेवता येणारं फर्निचर, दिवसा एक आणि रात्री दुसरी होणारी खोली, ही त्यांच्या कामाची ओळख. महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात घरं लहान होती आणि जागेची किंमत मोठी होती.

या स्टुडिओचं एक गाजलेलं काम म्हणजे व्हिएन्नातल्या 'गोएथेहोफ' या कामगार वसाहतीतली माँटेसरी बालवाडी. तिथलं फर्निचर मुलांच्या उंचीचं आणि मुलांना स्वतः हलवता येईल असं होतं. म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या जगात बसायचं नाही, जागेनेच मुलांना सामावून घ्यायचं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रीडल व्हिएन्नात बालवाडी शिक्षिकांनाही चित्रकला शिकवत होत्या.

त्याच काळात युरोपचं राजकारण बिघडत चाललं होतं. फ्रीडल कम्युनिस्ट चळवळीकडे ओढल्या गेल्या. वर्तमानपत्रांतली आणि मासिकांतली छायाचित्रं कापून, एकावर एक चिकटवून त्यांनी पोस्टर तयार केली. युद्ध, गरिबी, भांडवलदार, पोलीस आणि या सगळ्याच्या मधोमध एखादं तान्हं बाळ. रद्दीतून उचललेल्या तुकड्यांमधून आजचं जग दाखवायचं, हे तंत्र त्यांच्या हातात तेव्हापासूनच होतं.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियात डाव्या चळवळीवर सरकारने वरवंटा फिरवला. फ्रीडल यांनाही अटक झाली, चौकशी झाली, तुरुंगवास झाला. त्या चौकशीचं चित्र त्यांनी नंतर काढलं. सुटका झाल्यावर त्यांनी व्हिएन्ना सोडलं आणि शेजारच्या चेकोस्लोव्हाकियातलं प्राग गाठलं.

व्हिसा हातात होता, तरी गेल्या नाहीत

प्रागमध्ये तेव्हा हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेली अनेक कुटुंबं होती. घर सुटलेलं, भाषा परकी, आईवडील काळजीत. अशा निर्वासित मुलांना फ्रीडल चित्रकला शिकवू लागल्या. इथे त्यांच्या लक्षात आलं, की चित्र काढताना ही मुलं सावरतात. जे बोलता येत नाही, ते कागदावर येतं आणि मनावरचा ताण थोडा उतरतो.

या कामात त्यांच्यासोबत एडिथ क्रेमर नावाची तरुण विद्यार्थिनी होती. ती १९३८ मध्ये अमेरिकेला निघून गेली आणि पुढे तिथे चित्रांच्या मदतीने मुलांवर मानसोपचार करण्याच्या क्षेत्रातलं मोठं नाव बनली. आपल्या कामाचं मूळ फ्रीडल यांच्या वर्गात आहे, हे क्रेमर यांनी कायम मान्य केलं.

१९३६ मध्ये फ्रीडल यांनी आपले मावसभाऊ पावेल ब्रँडाइस यांच्याशी लग्न केलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. फ्रीडल आणि पावेल ह्रोनोव नावाच्या लहानशा गावात राहायला गेले. पावेल यांना तिथल्या कापड कारखान्यात नोकरी होती.

मित्रांनी फ्रीडल यांच्यासाठी पॅलेस्टाइनचा व्हिसा मिळवून दिला होता. पण तो एकट्या फ्रीडल यांच्यासाठी होता, पावेल यांच्यासाठी नव्हता. त्या गेल्या नाहीत.

मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. मग ज्यूंवरच्या बंदीची यादी लांबत गेली. नोकऱ्या गेल्या, घरं लहान होत गेली. १९४० मध्ये लंडनच्या एका गॅलरीत फ्रीडल यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्या स्वतः तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. ह्रोनोवमध्ये त्या खिडकीतून दिसणारा रस्ता, झाडं, फुलं अशी शांत चित्रं काढत राहिल्या.

डिसेंबर १९४२ मध्ये बोलावणं आलं. प्रत्येकाला ५० किलो सामान नेण्याची मुभा होती. थंडीचे दिवस आणि मुक्काम किती दिवसांचा याचा पत्ता नाही. अशा वेळी माणूस उबदार कपडे आणि टिकाऊ खाणं भरेल. फ्रीडल यांनी त्या ५० किलोंमध्ये कागद, रंग आणि चित्रकलेचं सामान भरलं. १७ डिसेंबर १९४२ रोजी फ्रीडल आणि पावेल तेरेझिनला पोहोचले.

तेरेझिन म्हणजे नेमकं काय होतं?

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर असलेलं, १८ व्या शतकात बांधलेलं तटबंदीचं गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी त्याचा ज्यूंसाठी बंदिस्त वस्ती म्हणून वापर सुरू केला. काही हजार लोकांसाठी बांधलेल्या या गावात १९४२ च्या सप्टेंबरमध्ये ५० हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती.

इथे गॅस चेंबर नव्हते. पण भूक, गर्दी, उवा, टायफस आणि अतिसार होता. १९४५ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंना इथे आणलं गेलं. त्यातले सुमारे ३३ हजार तिथेच मेले आणि जवळपास ९० हजारांना पुढे पूर्वेकडे पाठवण्यात आलं. पूर्वेकडे म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूकडे.

छावणीचा रोजचा कारभार नाझींच्या हुकमाखाली ज्यू कैद्यांनाच चालवावा लागायचा. या कैद्यांच्या प्रशासनाने एक गोष्ट प्रयत्नपूर्वक केली. शक्य तितक्या मुलांना मोठ्यांच्या बराकीतून काढून वेगळ्या बालगृहांमध्ये ठेवलं. तिथली परिस्थिती थोडी तरी बरी असायची आणि सोबत काळजी घेणारे तरुण असायचे.

मुलांना शाळा शिकवायला बंदी होती. गणित, भूगोल, इतिहास यांचे तास चोरून व्हायचे आणि एखादं मूल पहारा द्यायला दाराशी उभं राहायचं. पण गाणं, खेळ, हस्तकला आणि चित्रकला यांना परवानगी होती. नाझींच्या लेखी हा निव्वळ वेळ घालवायचा उद्योग होता.

फ्रीडल यांनी नेमकी हीच फट पकडली.

वर्गात साहित्य काय होतं?

फ्रीडल मुलींच्या 'एल ४१०' या बालगृहातल्या एका छोट्याशा खोलीत राहायच्या. 'एल' म्हणजे गावातला उभा रस्ता आणि पुढचे आकडे म्हणजे रस्त्याचा आणि इमारतीचा क्रमांक. नाझींनी रस्त्यांची नावंही काढून घेतली होती. या इमारतीतल्या खोल्यांमध्ये मुली दाटीवाटीने, मजल्यांच्या पलंगांवर झोपायच्या. फ्रीडल एकेका खोलीतल्या मुलींचा गट करून शिकवायच्या. दुसऱ्या बालगृहांतल्या मुलांनाही त्यांनी शिकवलं.

सोबत आणलेलं साहित्य किती दिवस पुरणार? त्यामुळे रद्दी जमवायला सुरुवात झाली.

छावणी कागदावर चालायची. याद्या, नोंदी, अर्ज, नकाशे, हिशेब. कोण आलं, कोण मेलं, कोणाला पुढे पाठवायचं, सगळ्याचे छापील फॉर्म. या कार्यालयांमधले निरुपयोगी कागद मुलांपर्यंत पोहोचू लागले. शिवाय पार्सलचं वेष्टन, पुठ्ठे, रंगीत कागदांचे तुकडे, दोऱ्याचे उरलेले धागे.

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं निघायची. छापील बाजूही वाया जायची नाही. तिच्यावरच्या रेघा आणि रकाने कापून चिकटचित्रं तयार व्हायची. एखाद्या तक्त्याचे रकाने घराच्या खिडक्या बनायचे, तपकिरी वेष्टनाचे डोंगर व्हायचे. रंग कमी असले की फाडलेल्या कागदांच्या छटाच रंगांचं काम करायच्या. काही मुलींनी तर कागदावर दोऱ्याने टाके घालून चित्रं केली.

ज्या कागदांवर माणसांचं रूपांतर आकड्यांमध्ये केलं जात होतं, त्याच कागदांतून मुलं झाडं आणि घरं कापत होती.

पेन्सिली आणि रंग सगळ्यांत मिळून वापरायचे, तास संपला की गोळा करायचे, पुढच्या गटासाठी जपायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे शिकवावं लागलं नसेल. भाकरीच्या वाटणीतून ती ते आधीच शिकलेली होती.

त्या शिकवायच्या कसं?

इथे पुन्हा बाउहाउस आलं. तासाची सुरुवात हाताच्या सरावाने व्हायची. लयीत रेषा ओढायच्या, वळणं काढायची, जलद आणि संथ. छावणीत आखडून गेलेल्या मुलांना आधी मोकळं करायचं.

मग कधी समोर ठेवलेल्या साध्या वस्तूंचं चित्र, कधी शब्दांवरून चित्र, कधी गोष्ट ऐकून चित्र. कधी जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवायच्या आणि त्यांची मांडणी रद्दी कागदाच्या तुकड्यांमधून पुन्हा रचायला लावायची. यात हुबेहूब उतरवणं अपेक्षित नव्हतं. उजेड कुठून येतो, गडद भाग कुठे, चित्राचा तोल कशावर आहे, हे मुलांनी कात्रीने शोधायचं.

विषय निवडायची मोकळीक होती. म्हणूनच या संग्रहात छावणीपेक्षा बाहेरचं जग जास्त दिसतं. मागे राहिलेलं घर, जेवणाचं टेबल, गावाबाहेरचं कुरण, सर्कस, समुद्र, आगगाडी. काही मुलांनी मात्र डोळ्यांसमोरचं काढलं: पहारेकरी, रांगा, आजारी माणसं, प्रेतयात्रा. फ्रीडल यांनी एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही.

जुलै १९४३ मध्ये 'एल ४१०' च्या तळघरात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवण्यात आलं. त्याच उन्हाळ्यात फ्रीडल यांनी छावणीतल्या शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यान दिलं. त्याचा मजकूर आजही उपलब्ध आहे. त्यातला मुद्दा असा, की या वर्गांचा उद्देश मुलांना चित्रकार बनवण्याचा नाही. मुलांमधली निर्मितीची शक्ती जागी ठेवणं, त्यांना बघायला आणि स्वतःच्या बुद्धीने निवड करायला शिकवणं हे खरं काम. मोठ्यांनी मुलांना आपल्यासारखं बनवण्याची घाई करू नये. मुलांवर आपली सौंदर्यदृष्टी लादली, की त्यांची स्वतःची दृष्टी जाते.

उपासमारीच्या छावणीत बसून शिक्षणाचा इतका नीट विचार कोणी करत होतं, ही गोष्टच थक्क करणारी आहे.

आणखी एक सवय त्यांनी मुलांना लावली होती. चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायचं. अनेक चित्रांवर नावासोबत वय, खोली आणि तारीखही आहे. छावणीत प्रत्येकाची ओळख म्हणजे गाडीच्या यादीतला क्रमांक होता. चित्रावर मात्र नाव असायचं.

खरं दाखवण्याची किंमत

चित्रकलेला परवानगी होती म्हणजे सगळ्याच चित्रांना परवानगी होती, असा गैरसमज नको.

२३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी तेरेझिन बघायला येणार होते. त्याआधी नाझींनी रस्ते धुतले, फुलझाडं लावली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो कैद्यांना ऑशविट्झला रवाना केलं. पाहुण्यांना सुखी गाव दाखवण्यात आलं. मुलांनी सादर केलेला 'ब्रुंडिबार' हा संगीत नाटकाचा प्रयोगही त्यांनी पाहिला.

पुढच्याच महिन्यात छावणीतल्या काही चित्रकारांना अटक झाली. बेद्रिच फ्रिटा, लिओ हास आणि त्यांचे सहकारी दिवसा कार्यालयासाठी नकाशे आणि तक्ते काढायचे आणि रात्री चोरून छावणीची खरी चित्रं. ती चित्रं बाहेर जात असल्याच्या संशयावरून त्यांचे हाल करण्यात आले. फ्रिटा पुढे ऑशविट्झमध्ये मरण पावले.

फ्रीडल यांनी स्वतः तेरेझिनमध्ये फारशी चित्रं काढली नाहीत. जी थोडी उरली आहेत त्यात फुलं आहेत, चेहरे आहेत. बाउहाउसमध्ये नाव कमावलेल्या या कलावतीने आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत आपला कागद, वेळ आणि ताकद मुलांच्या हातात दिली.

शेवटची गाडी

१९४४ च्या सप्टेंबर अखेरीस तेरेझिनमधून पुन्हा मोठ्या प्रमाणात गाड्या सुटू लागल्या. २८ सप्टेंबरच्या गाडीत पावेल यांचं नाव होतं. पुरुषांना कामासाठी नव्या छावणीत नेत असल्याचं सांगण्यात आलं. मागे राहिलेल्या बायकांना नवऱ्याकडे जायचं असेल तर पुढच्या गाड्यांसाठी नाव देता येत होतं.

सहा वर्षांपूर्वी पावेल यांना सोडून जायचं नाही म्हणून फ्रीडल यांनी व्हिसा नाकारला होता. या वेळी त्यांना सोडून राहायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःहून नाव दिलं.

जाण्याआधी मुलांच्या चित्रांची व्यवस्था झाली होती. ती दोन सुटकेसमध्ये भरून बालगृहातच ठेवण्यात आली.

६ ऑक्टोबर १९४४ रोजी फ्रीडल यांची गाडी निघाली. त्यांच्या अनेक विद्यार्थिनी त्याच गाडीत होत्या. ९ ऑक्टोबर रोजी ऑशविट्झ-बिर्केनाऊमध्ये फ्रीडल यांची हत्या झाली. त्या ४६ वर्षांच्या होत्या.

पावेल मात्र वाचले. ज्याच्या ओढीने त्या गाडीत चढल्या, तो माणूस युद्ध संपल्यावर परतला.

चित्रांचं पुढे काय झालं?

मे १९४५ मध्ये तेरेझिन मुक्त झालं. 'एल ४१०' ची जबाबदारी सांभाळणाऱ्या विली ग्रोग यांनी त्या सुटकेस प्रागला आणल्या. सुरुवातीला त्यांच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. युद्धातून उठलेल्या माणसांना आपली माणसं शोधायची होती आणि मुलांची चित्रं बघायचं बळ कोणाकडे नव्हतं.

साधारण दशकभराने ती लोकांसमोर आली. १९५९ मध्ये तेरेझिनच्या मुलांची चित्रं आणि कविता यांचं पुस्तक प्रागमध्ये निघालं. ते पुढे अनेक भाषांमध्ये गेलं. आज हा संग्रह प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहे आणि त्यातली काही चित्रं तिथल्या पिंकास सिनेगॉगमध्ये बघायला मिळतात.

त्या सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांमधल्या नाझींनी मारलेल्या सुमारे ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. खालच्या मजल्यावर नावं आणि वर चित्रं.

चित्रांवर मुलांनी नाव लिहिलं होतं, म्हणून संशोधकांना अनेक चित्रांमागचं मूल शोधता आलं. नाव, जन्मतारीख, कुठून आणलं, कोणत्या गाडीने कुठे नेलं. बहुतेक नोंदींच्या शेवटी १९४४ हे साल आणि ऑशविट्झ हे ठिकाण आहे. अनेक मुलांच्या बाबतीत त्यांनी जगात मागे ठेवलेली ही एकमेव वस्तू आहे.

काही मुली वाचल्या. म्हातारपणी त्यांनी फ्रीडल यांच्याविषयी सांगितलेल्या आठवणींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. त्या तासापुरतं आपण कुठे आहोत हे विसरायला व्हायचं आणि तास संपला तरी त्याची थोडी ऊब उरायची.

फ्रीडल यांच्याकडून आज काय घ्यायचं?

फ्रीडल यांनी चित्रकलेमुळे कोणाचा जीव वाचवला, असं म्हणता येणार नाही. रद्दी कागदांनी गाड्या थांबल्या नाहीत. तसं सांगणं म्हणजे या गोष्टीला खोटा शेवट जोडणं होईल.

पण त्यांनी काय केलं ते स्पष्ट आहे. ज्या मुलांच्या आयुष्यातला एकही निर्णय त्यांच्या हातात नव्हता, त्यांना दिवसातला एक तास असा दिला की ज्यात निर्णय त्यांचेच होते. कोणता तुकडा घ्यायचा, कुठे कापायचा, कुठे चिकटवायचा, घराला दार ठेवायचं की नाही.

आज आपल्याकडच्या शाळेत किंवा घरी मुलं जुन्या वर्तमानपत्रांतून, पुठ्ठ्यांतून काही करत असतात, तेव्हा आपलं लक्ष तयार वस्तूकडे असतं. ती सुबक हवी, व्हिडिओत दाखवलेल्या नमुन्यासारखी हवी, प्रदर्शनात उठून दिसली पाहिजे. बऱ्याचदा शेवटी ती आईबाबाच पूर्ण करतात. फ्रीडल यांच्या वर्गातला हिशेब उलटा होता. रद्दीचा मोठा फायदाच हा, की ती बिघडली तरी कोणी रागावत नाही. त्यामुळे मूल न घाबरता कापतं, फाडतं, चुकतं आणि पुन्हा करतं.

तेव्हा पुढच्या वेळी मुलांच्या हातात जुने कागद आणि कात्री द्याल, तेव्हा नमुना दाखवू नका. झालं की कोपऱ्यात त्यांचं नाव तेवढं लिहायला सांगा.